बाईंनी मोडलेला तास

पाण्याची टाकी मागे टाकून आम्ही चढाला लागलो होतो, तेव्हा मी वन्संना सांगितलं की आमची लेक शाळेत डबा जिन्याखाली बसून खाते. एकटी. झाडू आणि बादल्या ठेवतात तिथे.

वन्सं चालता चालता थांबल्या. मागून येणारा सायकलवाला काहीबाही पुटपुटत वळसा घालून गेला. त्यांचं लक्षही नव्हतं.

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"आणि मला आत्ता सांगतेस? रोज समोरासमोर जेवायला बसतो आपण. शाळा एक, घर एक, आणि ही गोष्ट मला या चढावर कळायची?"

"समोर बसलं की नाही हो सांगता येत," मी म्हटलं. "तुम्ही अशा बघता, की माझं अर्धं बोलणं तोंडातच विरतं. इथे तुमची नजर रस्त्यावर, माझी रस्त्यावर. तोंडून निघून गेलं."

त्यांनी माझ्याकडे तशीच नजर लावली आणि मी लगेच गप्प झाले. तेव्हा त्यांनीच मान वळवली, समोरच्या चढाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चल. थांबू नकोस. आणि उरलेलं बोल."

उरलेलंच खरं अवघड होतं. ते मी चालता चालता, धापा टाकत सांगितलं. लेकीचं हे सगळं सुरू झालं ते वन्संच्याच एका तासापासून. त्यांच्या सगळ्यात लाडक्या तासापासून.

वर पोचल्यावर वन्सं म्हणाल्या, "पाचवी, मी गाढव आहे."

पाचवी म्हणजे मी. मी पाचवीचा वर्ग घेते म्हणून त्या मला कधी नावाने हाक मारतच नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, की हा टोमणा असणार. नंतर कळलं, की ही त्यांची माया आहे. ज्याच्यावर जीव, त्याला त्या त्याच्या वर्गाने ओळखतात.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. शाळेत सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. उंच, हाडापेराने मजबूत, पायात पुरुषी चपला. विज्ञान आणि भूगोल शिकवायच्या. वर्गात जाण्याआधी खडूचे दोन तुकडे करायच्या, कारण अख्खा खडू फळ्यावर किंचाळतो. लग्न केलं नाही. कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणत, "वेळापत्रकात बसलं नाही." आमच्या घरात वरची खोली त्यांची. त्यांचा पाय सकाळी जिन्यावर वाजला, की मी चहाचं आधण ठेवायची.

आमची शाळा लहान. खाली पाचवीपर्यंतचे वर्ग, वर सहावी ते आठवी. मुलं माझ्या वर्गातून जिना चढून वर जायची आणि वर गेल्यावर काहीतरी बिनसायचं. माझ्याकडे जी मुलं प्रश्न विचारून भंडावून सोडायची, ती वर गेली की मूग गिळून बसायची. आवाज फुटत होते, अंग वाढत होतं, एकाला मिसरूड आलं म्हणून लाज, दुसऱ्याला आलं नाही म्हणून लाज. आणि अभ्यासक्रम मात्र असा, जणू ही मुलं म्हणजे नुसती थोडी मोठी पाचवी. गुण घसरले की पालक मुलांना गावातल्या मोठ्या शाळेत हलवायचे. वरचे वर्ग ओस पडायला लागले, तेव्हा संस्थेच्या सचिवांनी वन्संना बोलावून सांगितलं, "बाई, सहावी ते आठवीचा अभ्यासक्रम नव्याने बसवा. या वयाला साजेल असा. वर्षभरात फरक दिसला नाही तर जुनंच चालू करू, आणि शाळा सुटल्यावर जादा तास लावू."

जादा तास म्हटलं, की वन्संच्या अंगावर काटा यायचा. दमलेल्या पोरांना अजून दमवायचं!

कागद-पेन घेऊन बसतील असं मला वाटलं होतं. त्या दप्तर घेऊन सातवीच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. चांगला आठवडाभर. गुडघे बाकात मावेनात, म्हणून एक पाय बाहेर काढून. गणिताचे सर शिकवत असताना खिडकीबाहेर बघितलं म्हणून त्यांनी बोलणीही खाल्ली. "मोठ्या बाई असलात तरी लक्ष फळ्याकडे हवं," असं सर म्हणाले आणि अख्खा वर्ग खुसखुसला. घरी येऊन मला म्हणाल्या, "अगं, तिसऱ्या तासाला पोटात कावळे ओरडतात आणि तेव्हाच व्याकरण! जेवणानंतर डोळे मिटतात तेव्हा बीजगणित! आणि पाच शिक्षकांनी एकाच दिवशी गृहपाठ दिला. एकमेकांशी बोलतात की नाही ही माणसं?"

मग त्यांनी सगळं हलवलं. अवघड विषय सकाळी आणले. मधे खायची सुट्टी घातली. कुठल्या दिवशी कोण गृहपाठ देणार, ते शिक्षकांनी आपसांत ठरवायचं. आणि तीन विषय एका नळाला बांधले. शाळेचा मागचा नळ गळायचा. गणिताच्या तासाला त्याखाली बादली ठेवून किती पाणी वाया जातं ते काढायचं, भूगोलात ते पाणी येतं कुठून ते शोधायचं, भाषेच्या तासाला पाणीखात्याला पत्र लिहायचं. नळ दुरुस्त झाला त्या दिवशी मुलं हिरमुसली. "आता काय मोजायचं?" म्हणाली. गणिताचे सर म्हणाले, "दुसरा नळ मी बिघडवतो."

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. पण वन्संचं म्हणणं होतं, या वयाला नुसता अभ्यास पुरत नाही. या पोरांच्या मनात काय काय साठतं, ते बाहेर यायला जागा हवी. म्हणून त्यांनी वेळापत्रकात एक तास घातला, मनमोकळा तास. बाक बाजूला सारायचे, गोल करून बसायचं आणि मनातलं बोलायचं. सचिवांना हा तास इतका आवडला, की त्यांनी पाहुणे आणून दाखवला. शाळेच्या माहितीपत्रकावर त्याचा फोटो छापला.

फोटोत सगळे गोलात बसलेले दिसतात. कोणाचंही तोंड उघडं नाही.

कारण कोणी बोलायचंच नाही. पहिल्या तासाला वन्संनी विचारलं, "मनात काय आहे?" एक मुलगा उठून म्हणाला, "काही नाही, बाई." शेजारचा म्हणाला, "माझ्याही." तिसऱ्याने विचारलं, "परीक्षेत येणार आहे का हे?" वन्संना वाटलं, सवय नाही, होईल हळूहळू. शिकवणाऱ्या माणसांचीच चूक ही. एखादी गोष्ट हवी असली, की आम्ही तिला आधी तास देतो, घंटा देतो आणि मग ती का येत नाही म्हणून वाट बघत बसतो.

आमची लेक तेव्हा सातवीत. लहानपणापासून अखंड बडबड, म्हणून तिच्या आजोबांनी तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. सहावीत गेल्यापासून टिटवीचा आवाज खाली आला होता. आत्याला ते दिसत होतं. म्हणून एका तासाला, सगळ्या गोलासमोर, वन्सं मायेने म्हणाल्या, "टिटवे, तू बोल ना. सगळे ऐकतायत."

घरातलं नाव सगळ्या वर्गासमोर! पोरीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात एकाने विचारलं, "बाई, ही घरी पण मुकीच असते का?" हशा पिकला. त्या दिवसापासून ती वर्गात मुकी टिटवी झाली. मग त्या तासाच्या दिवशी सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. मग डबा जिन्याखाली गेला. मग एक दिवस ती मला म्हणाली, "आई, मला त्या मोठ्या शाळेत घाल. तिथे मला कोणी ओळखत नाही." आणि लगेच म्हणाली, "आत्याला सांगू नकोस. तिला वाईट वाटेल."

हे सगळं माझ्या पोटात होतं. बस बंद होती, रस्त्याचं काम निघालं होतं, म्हणून आम्ही दोघी रोज चालत घरी यायला लागलो; टिटवी घंटा होताच एकटीच पुढे निघून जायची. आणि त्या चढावर ते बाहेर पडलं. ते बाहेर पडलं ही मी देवाची कृपाच मानते. माझ्या अंगात तेवढं धैर्य नव्हतं.

"मी गाढव आहे," म्हणून झाल्यावर वन्सं चालतच राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तू इतकी वर्षं माझ्यासमोर बसलीस आणि बोलली नाहीस. चार दिवस शेजारी चाललीस आणि बोललीस. मी पोरांना गोल करून बसवते. चारी बाजूंनी डोळे! कोण बोलेल त्यात? मीसुद्धा बोलले नसते."

"वाईट वाटून घेऊ नका," मी म्हटलं.

"वाटून घेणार. चांगलं दोन दिवस घेणार. मग कामाला लागणार."

त्या रात्री टिटवीला त्यांनी काही विचारलं नाही. भांडी घासायला घेतली आणि फडका तिच्या हातात दिला. दोघी मोरीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी आतल्या खोलीत होते. वन्सं म्हणाल्या, "घरातलं नाव मी वर्गात घेतलं. चुकलं माझं." मग टिटवी म्हणाली, "ही कढई नीट निघाली नाही, आत्या." वन्सं म्हणाल्या, "आण इकडे." एवढंच. पण तिने त्यांना आत्या म्हटलं. बऱ्याच दिवसांत म्हटलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत वन्संनी सांगितलं, की मनमोकळा तास बंद करायचा. मीही होते तिथे, खालच्या वर्गांच्या वतीने.

सचिवांनी कपाळाला हात लावला. "बाई, तो तास तर आपली शान आहे! फोटो छापलाय!"

"फोटो राहू द्या. तास काढा. माझीच चूक होती, मीच काढतेय."

गणिताच्या सरांना आयतीच संधी मिळाली. "आधी म्हणालात मुलांना बोलू द्या. आता म्हणता बोलायला सांगू नका. उद्या म्हणाल शाळेतच येऊ नका."

"मुलांनी यावं. तुमचं तुम्ही बघा," वन्सं म्हणाल्या.

सर हसले. हसणारा माणूस वाटाघाटीला येतो हे वन्संना पक्कं माहीत होतं. त्यांनी लगेच पुढचं मांडलं. ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांचा ढीग पडलाय. त्याच वेळात मुलं जोडीने ती पुस्तकं बांधतील. शेजारी शेजारी बसून, डोळे कामावर ठेवून. पुठ्ठा किती लागेल, एका तावातून किती निघेल, वाया किती जाईल, हे सरांचं गणित. ज्या गोष्टीचं पान हरवलं असेल, ते पान मुलांनी आपल्या मनाने लिहायचं, ही भाषा. आणि शिक्षकांना तीन बंधनं: समोर उभं राहायचं नाही, मनातलं विचारायचं नाही, आणि स्वतःही एक पुस्तक हातात घ्यायचं.

"आणि बोलणं?" सचिवांनी विचारलं. "मुलांच्या सामाजिक गरजा वगैरे तुम्हीच लिहिलं होतंत."

"ते होईल."

"आणि नाही झालं तर?"

"तर निदान पुस्तकं बांधून होतील."

सचिव बराच वेळ पेन आपटत बसले. शेवटी म्हणाले, "वार्षिक परीक्षेपर्यंत. मुलं अशीच गळत राहिली तर जुनं वेळापत्रक, जादा तास, आणि वरचे वर्ग मी दुसऱ्या कोणाकडे देईन."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "वन्सं, टिटवीला मोठ्या शाळेत घालायचं की नाही, ते मला आत्ताच ठरवावं लागणार आहे हो." त्यांनी चपलेचा बंद लावता लावता, वर न बघता विचारलं, "परीक्षेपर्यंत थांबशील?" मी हो म्हटलं. घरी येऊन देवापुढे बसले आणि काही मागितलं नाही. नुसतं म्हटलं, तू बघतोयस ना, मग झालं.

पहिलं पुस्तक वन्संनीच बांधून दाखवलं. ओळखीच्या एका बाइंडरकडे जाऊन शिकून आल्या होत्या. दाभणाने भोकं पाडली, दोरा ओवला, खळ लावली, पुठ्ठा चढवला आणि ऐटीत उघडून दाखवलं तर पुस्तक उलटं! शेवटचं पान आधी आणि तेही डोक्यावर उभं. वर्ग इतका हसला, की खालून माझी पाचवी बघायला वर धावली. ज्या मुलाने टिटवीला मुकी म्हटलं होतं, त्याने विचारलं, "बाई, हे वाचायला शीर्षासन करायचं का?" वन्सं म्हणाल्या, "तू करून वाच आणि पुढच्या वेळेला गोष्ट सांग."

टिटवीची जोडी लावली ती वर्गातल्या सगळ्यात उंच मुलीशी. तिला पोरं शिडी म्हणायची आणि ती पाठीला पोक काढून चालायची. एकीने पानांचा गठ्ठा घट्ट धरायचा, दुसरीने दोरा ओढायचा. एकटीने होणारं काम नव्हतं ते. मी एकदा माझ्या वर्गासाठी थोडी खळ मागायला वर गेले, तेव्हा दारातून ऐकलं.

"ओढ."

"ओढतेय. तू धर ना नीट."

"धरलंय. तुझे केस खळीत गेलेत."

"तुझे पण जातील."

"माझे नाही जात. मी वर असते."

आणि टिटवी हसली. मोठ्याने नाही. नाकातून, तिच्या आजोबांसारखी. मी खळ न घेताच खाली आले. वर्गात मुलांनी विचारलं, "बाई, खळ?" मी म्हटलं, "थांबा रे थोडं," आणि फळ्याकडे तोंड करून उगीच तारीख पुसली आणि पुन्हा लिहिली.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. डबा अजून काही दिवस जिन्याखालीच होता. पण बांधलेली पुस्तकं व्हरांड्यात विटांखाली दाबून ठेवायची असत, आणि माझी पाचवीची पोरं त्या विटा खेळायला पळवत. मग राखण करायला कोणीतरी हवं. शिडी म्हणाली, मी बसते. टिटवी म्हणाली, मग मीही बसते. डबे तिथे आले. काही दिवसांनी तो शीर्षासनवालाही आला, कारण त्याचंही पुस्तक दाबात होतं आणि त्याचा माझ्या पोरांवर अजिबात विश्वास नव्हता. त्याने माफी मागितली का ते मला माहीत नाही. त्याने तिला आपल्या डब्यातलं फळ दिलं आणि तिने खाल्लं, एवढं मी पाहिलं.

गणिताचे सर त्या तासाला नाइलाजाने बसायचे. एकदा आठवीचा एक मुलगा, पुठ्ठा कापता कापता, सरांकडे न बघता म्हणाला, "सर, मला अपूर्णांक सहावीपासून येतच नाहीत." सर कात्री चालवत म्हणाले, "माझा कोन बघ, वाकडा गेलाय. मला कापणं येत नाही. तू मला हे शिकव, मी तुला ते शिकवतो." शिक्षकखोलीत येऊन सर वन्संना म्हणाले, "बाई, तीन वर्षं तो माझ्यासमोर बसलाय." वन्सं म्हणाल्या, "तेच तर, सर. समोर."

परीक्षेचे निकाल फार थोर लागले नाहीत. पण पडलेही नाहीत, आणि गणितात तर जरा वरच गेले. मोजकीच मुलं शाळा सोडून गेली. त्यांत टिटवी नव्हती. मी विचारलं होतं तिला, "मोठ्या शाळेचं काय करायचं?" ती म्हणाली, "आई, आमची पुस्तकांची एक मालिका अर्धी बांधायची राहिलीय." सचिवांनी जादा तासांचं नाव पुन्हा काढलं नाही. माहितीपत्रकावर नवा फोटो आला. त्यात कोणीही कॅमेऱ्याकडे बघत नाही.

त्या संध्याकाळी मी वन्संना म्हटलं, "देवाने तुम्हाला आमच्या घरात ठेवलं, याबद्दल मी रोज त्याचे आभार मानते."

"माझं नाव घेऊन मानू नकोस," त्या म्हणाल्या. "आधीच त्याचं माझ्यावर बारीक लक्ष आहे." आणि उठून वर गेल्या. जिन्यात थांबून मात्र म्हणाल्या, "मीही मानते गं. तू त्या चढावर बोललीस म्हणून."

आता टिटवी कॉलेजात आहे. तिच्या बडबडीने पुन्हा घर डोक्यावर घेतलेलं असतं. वन्सं यंदा निवृत्त झाल्या. वरचे वर्ग सचिवांनी माझ्याकडे दिलेत. पाचवी आता सातवीत गेली, असं वन्सं सगळ्यांना सांगत सुटल्यात. निरोपाच्या कार्यक्रमात गणिताच्या सरांनी भाषण केलं. शेवटी त्यांनी जाहीर केलं, की हा अभ्यासक्रम आता छापून घेणार, वर बाईंचं नाव घालणार आणि यापुढे त्यातला एक शब्दही कोणी हलवणार नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या.

वन्संनी मात्र वाजवल्या नाहीत. गर्दी पांगल्यावर त्यांनी मला रिकाम्या वर्गात नेलं. मला वाटलं, भरून आलं असेल. तर त्या चिडलेल्या.

"एक शब्द हलवणार नाहीत म्हणे! मी माझा स्वतःचा तास मोडला तेव्हा तुझी पोरगी राहिली. हे कसे विसरले सगळे?"

"प्रेमाने म्हणाले हो ते."

"प्रेमानेच तर भीती वाटते. ऐक, पाचवी. आजवर मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागते. पुढची मुलं वेगळी असतील. त्यांना पुस्तकं बांधायला आवडेलच असं नाही. कदाचित हाच तास एखाद्या पोराला टोचेल. तसं दिसलं ना, की माझ्या नावाकडे बघू नकोस. घरी येऊन मला विचारू नकोस, मी हजार कारणं सांगेन. मी रुसेन, चार दिवस बोलणार नाही, तुझ्या हातचा चहा घेणार नाही. रुसू दे मला. पण तू तो तास मोड. मोडशील ना?"